माणूस घडविण्याची सेवा : डॉ. मेबल आरोळे आणि जामखेडच्या आरोग्यसेविका

आरोग्यसेवेचा विचार करताना आपल्या डोळ्यांसमोर इमारती, खाटा, यंत्रे आणि औषधे येतात. ही सेवा प्रत्यक्ष करणारी माणसे कोण असावीत, त्यांची निवड कोणी करावी, त्यांना कसे घडवावे आणि त्यांच्या श्रमाचे मोल कसे ठरवावे, हे प्रश्न मात्र सहसा मागे पडतात. आजच्या व्यवस्थापनशास्त्रात या विषयाला 'मनुष्यबळ विकास' असे नाव आहे. महाराष्ट्रातील एका ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने याच प्रश्नांना आपल्या कार्याच्या केंद्रस्थानी ठेवले आणि त्यांची उत्तरे पुढे जगभर अभ्यासली गेली. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे हे ते दांपत्य होय. त्यांपैकी डॉ. मेबल यांच्या कार्याचा, विशेषतः त्यांनी घडविलेल्या ग्रामीण आरोग्यसेविकांचा, परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

कोल्हापूर-मिरज परिसराची पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या वाचकांना मिशन रुग्णालय ही गोष्ट नवी नाही. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे कार्य कोल्हापुरात एकोणिसाव्या शतकात सुरू झाले. त्याच मिशनचे डॉ. विल्यम वॉनलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ साली मिरजेत त्यांचे रुग्णालय उभे राहिले. अवघ्या काही वर्षांत तेथे परिचारिकांचे व वैद्यकीय साहाय्यकांचे शिक्षण सुरू झाले. कोल्हापुरातील मेरी वॉनलेस रुग्णालय डॉ. वॉनलेस यांच्या पत्नीचे नाव धारण करते. मिरजेने दक्षिण महाराष्ट्राला केवळ शस्त्रक्रियागृह दिले असे नाही; स्थानिक तरुण-तरुणींच्या हाती वैद्यकीय कौशल्य देण्याची परंपराही दिली.

कॅथोलिक ख्रिस्तसभेतही याच काळात असाच प्रश्न उभा होता. धर्मभगिनींनी प्रसूतिशास्त्राचे काम करण्यावर तेव्हा ख्रिस्तसभेच्या नियमांनी मर्यादा होत्या. ऑस्ट्रेलियन डॉक्टर मेरी ग्लोरी १९२० साली गुंटूर येथे आल्या, धर्मभगिनी झाल्या आणि पोप महोदयांच्या विशेष परवानगीने वैद्यकी करीत राहिल्या. डॉ. ॲना डेंगल यांनी १९२५ साली 'मेडिकल मिशन सिस्टर्स' हा संघ स्थापन केला. अखेर १९३६ साली रोमने ही मर्यादा दूर केली. १९४३ साली सिस्टर मेरी ग्लोरी यांच्या पुढाकाराने भारतातील कॅथोलिक रुग्णालयांची संघटना स्थापन झाली. सेवेस कोण पात्र आहे, याचे उत्तर काळानुसार विस्तारत गेले, हे यावरून दिसते. जामखेडने ते उत्तर आणखी एक पाऊल पुढे नेले.

शिक्षण आणि संकल्प

डॉ. मेबल यांचा जन्म १९३५ साली जबलपूर येथे झाला. माहेरचे नाव इमॅन्युएल. त्यांचे वडील तेथील ईश्वरविज्ञान महाविद्यालयात नव्या कराराचे प्राध्यापक होते. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. तेथेच अहमदनगर जिल्ह्यातील (आता अहिल्यानगर) रजनीकांत आरोळे यांच्याशी त्यांची ओळख झाली. १९६० साली उभयतांचा विवाह झाला. खेड्यातील उपेक्षितांसाठी आयुष्य वेचावयाचे, हा संकल्प दोघांनी मिळून केला होता.

प्रारंभी दोघांनी अहमदनगर जिल्ह्यातील वडाळा येथील मिशन रुग्णालयात काही वर्षे काम केले. रुग्णांची रीघ लागत असे. परंतु हगवण, कुपोषण, धनुर्वात आणि बाळंतपणातील गुंतागुंत अशा टाळता येण्याजोग्या व्याधी घेऊनच बहुतेक लोक येत. बरे होऊन गेलेले मूल काही महिन्यांनी त्याच अवस्थेत परत येई. रुग्णालयाच्या दारापर्यंत जे पोहोचूच शकत नव्हते, त्यांची तर गणतीच नव्हती. रुग्णालय कितीही चांगले चालविले तरी गावातील आजारपण हटत नाही, या जाणिवेने हे दांपत्य अस्वस्थ झाले. अमेरिकेत उच्च शिक्षण घेताना जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात डॉ. कार्ल टेलर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला आणि १९७० साली ते महाराष्ट्रात परतले.

जामखेड : पहिल्या प्रयत्नातील अपयश

कार्यक्षेत्र म्हणून त्यांनी निवडलेले जामखेड हे मराठवाड्याच्या सीमेलगतचे, सतत अवर्षणाच्या छायेतील तालुक्याचे गाव. स्थानिक पुढाऱ्यांनी बोलाविल्यावरच ते तेथे गेले. गुरांच्या जुन्या दवाखान्याच्या जागेत काम सुरू झाले. 'कॉम्प्रिहेन्सिव्ह रूरल हेल्थ प्रोजेक्ट', म्हणजेच सर्वांगीण ग्रामीण आरोग्य प्रकल्प, असे या कार्याचे नाव होते.

प्रत्येक गावात एक प्रशिक्षित नर्सबाई ठेवावी, अशी आरंभीची योजना होती. कागदावर ती निर्दोष दिसत होती. परंतु बाहेरून आलेली, बहुधा अविवाहित अशी तरुण परिचारिका अनोळखी खेड्यात एकटी राहणार कशी, हा पहिला प्रश्न होता. तिला तेथे सुरक्षित वाटत नसे आणि गावालाही ती परकी वाटे. तिने सुचविलेली आहाराची वा स्वच्छतेची गोष्ट गावातील सासू-सुना मनावर घेत नसत. पदवी होती, पगार होता, औषधेही होती. तिच्यात व गावकऱ्यांत नाते मात्र नव्हते.

आपली योजना फसली हे आरोळे दांपत्याने मान्य केले आणि गावकऱ्यांनाच विचारले. आमच्यातलीच एखादी बाई शिकवून तयार करा, अशी सूचना गावातून आली. या सूचनेतूनच जामखेडची 'ग्रामीण आरोग्यसेविका' जन्मास आली. तज्ज्ञांनी गावाचे ऐकले, हा या इतिहासातील निर्णायक क्षण होय.

निवड : नाकारलेल्या हातांची

आरोग्यसेविका गावाने निवडावयाची होती. ती बहुधा विवाहित, मुलेबाळे असलेली आणि गावातच कायम राहणारी असे. शाळेचा दाखला ही अट नव्हती. पहिल्या काळातील बहुसंख्य सेविकांना अक्षरओळखही नव्हती. त्यांतील अनेकजणी दलित समाजातील होत्या. काही विधवा, तर काही पतीने टाकलेल्या होत्या. गावाच्या व्यवहारात ज्यांच्या शब्दाला काडीचीही किंमत नव्हती, अशा स्त्रियांच्या हाती गावाचे आरोग्य सोपविण्यात आले.

कोल्हापूरच्या वाचकांना येथे राजर्षी शाहू छत्रपतींची आठवण होणे स्वाभाविक आहे. २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी संस्थानच्या नोकरीतील पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवल्या. जन्माने दूर ठेवलेल्या माणसाला संधी दिली तर त्याची पात्रता प्रकट होते, हा विश्वास त्या निर्णयामागे होता. जामखेडच्या शेतकरी कुटुंबांत व दलित वस्त्यांत सत्तर वर्षांनी हाच विश्वास आरोग्याच्या क्षेत्रात कसोटीला लागला.

जातिभेदाला या कामात पदोपदी तोंड द्यावे लागले. दुष्काळाच्या दिवसांत कूपनलिका घेताना त्या शक्यतो दलित वस्तीत घेतल्या गेल्या. त्यामुळे पाण्यासाठी सर्व गावाला त्या वस्तीत येणे भाग पडले. त्याविषयी व्याख्याने देण्याची गरज उरली नाही.

प्रशिक्षण : न संपणारी शाळा

निवडलेल्या स्त्रिया दर आठवड्याला जामखेडच्या केंद्रात येत, मुक्काम करीत आणि पुन्हा आपल्या गावी जात. डॉ. मेबल यांचे खरे कर्तृत्व येथे दिसते. शिकविण्यासाठी पाठ्यपुस्तक नव्हते; चित्रे, गाणी, गोष्टी आणि अनुभवकथन ही साधने होती. प्रत्येकीने गेल्या आठवड्यात आपल्या गावात काय पाहिले ते सांगावयाचे, त्यावर सर्वजणींनी विचार करावयाचा आणि त्यातूनच नवा धडा तयार व्हावयाचा, अशी ही पद्धत होती. मीठ, साखर व पाणी यांचे मिश्रण देऊन जुलाब झालेले मूल कसे वाचवावे, गरोदर स्त्रीतील धोक्याची चिन्हे कशी ओळखावीत, निर्जंतुक साहित्याने बाळाची नाळ कशी कापावी, क्षयाच्या व कुष्ठरोगाच्या रुग्णाला औषध नियमित कसे घ्यावयास लावावे, हे त्या शिकल्या.

त्याहून अवघड धडा आत्मसन्मानाचा होता. निरनिराळ्या जातींच्या या स्त्रिया प्रथम एकमेकींच्या हातचे खाण्यास कचरत. केंद्रात सर्वांनी एकत्र जेवावयाचे आणि रात्री एकाच भल्यामोठ्या पांघरुणाखाली झोपावयाचे, असा परिपाठ ठेवण्यात आला. आपले नाव सर्वांसमोर मोठ्याने उच्चारणे हेही काहीजणींना आयुष्यात प्रथमच करावे लागले. 'अमक्याची बायको' किंवा 'तमक्याची आई' या ओळखीपलीकडे आपल्याला स्वतःचे नाव आहे, याची जाणीव होणे हा प्रशिक्षणाचा पाया होता. ज्या स्त्रीला स्वतःची किंमत कळलेली नाही ती दुसऱ्या स्त्रीच्या जिवाची किंमत गावाला पटवू शकणार नाही, हे डॉ. मेबल यांनी ओळखले होते.

हे शिक्षण काही महिन्यांत संपत नसे. वर्षानुवर्षे त्या येत राहिल्या. जुन्या सेविका नव्यांना शिकवू लागल्या. जवळके गावच्या सरूबाई साळवे यांच्यासारख्या सेविकांचे कार्य पुढे २००८ साली 'नॅशनल जिऑग्राफिक' मासिकाने जगासमोर मांडले.

देखरेख आणि मान

केंद्रातून परिचारिका, समाजसेवक व डॉक्टर यांचे फिरते पथक गावोगावी जात असे. तपासनीस येऊन चुका काढतो, तशी ही देखरेख नव्हती. पथक सेविकेला सोबत घेऊन घरोघरी फिरे, तिचे म्हणणे ऐकून घेई आणि तिला न सुटलेले प्रश्न सोडवी. शहरातून आलेला डॉक्टर आपल्या गावच्या अशिक्षित बाईचे मत विचारतो, हे गावकरी डोळ्यांनी पाहत. त्यातून तिच्या शब्दाला वजन आले. जोडीला गावात तरुण शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी राहिली. त्यामुळे सेविका एकटी पडली नाही.

परिणाम आकड्यांतही दिसले. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ साली त्या गावांत जन्मलेल्या दर हजार बालकांपैकी सुमारे १७६ बालके पहिला वाढदिवस पाहण्यापूर्वीच दगावत. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी हे प्रमाण विसाच्या आसपास आले. या घटीत पाणी, शेती आणि आहार यांतील सुधारणांचाही वाटा होता. परंतु ते सर्व घराघरांत पोहोचविणारा दुवा आरोग्यसेविकाच होती.

जगाने घेतलेली दखल

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकसहभागातून चाललेल्या आरोग्यप्रयोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात जामखेडचा समावेश होता. सप्टेंबर १९७८ मध्ये अल्मा-आटा येथे भरलेल्या परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, त्यामागे अशाच प्रयोगांचा अनुभव होता. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९४ साली दोघांनी मिळून लिहिलेला जामखेडविषयीचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. अनेक देशांतील आरोग्य कार्यकर्ते प्रशिक्षणासाठी जामखेडला येऊ लागले आणि तेथे त्यांना शिकविणाऱ्यांत गावच्या सेविकाही असत.

१९८८ साली जामखेडच्या सेविका मुक्ताबाई पोळ यांनी वॉशिंग्टन येथील आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत भाषण केले. सभागृहातील झगमगत्या झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी त्यांची तुलना खेड्यातील छोट्या दिव्याशी केली. झुंबर सुंदर व महाग असते, पण ते दुसरे झुंबर पेटवू शकत नाही. साधा दिवा मात्र दुसरा दिवा लावतो, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मनुष्यबळ विकासाची याहून सुबोध व्याख्या सापडणे कठीण.

डॉ. मेबल यांनी १९९० च्या दशकात युनिसेफच्या दक्षिण आशिया विभागासाठीही सल्लागार म्हणून काम केले. तेथेही स्त्रिया व बालके हाच त्यांच्या चिंतनाचा विषय राहिला. १९९९ साली त्यांचे निधन झाले. डॉ. रजनीकांत आरोळे यांनी २०११ साली इहलोकीची यात्रा संपविली.

आशा सेविका आणि न्याय्य मोबदल्याचा प्रश्न

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारणतः दर हजार लोकवस्तीमागे एक 'आशा' नेमण्याचे ठरले. ही योजना आखताना देशातील ज्या प्रयोगांचा अनुभव हाताशी होता, त्यांत जामखेड अग्रभागी होते. कोल्हापूर जिल्ह्यात गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी वा चंदगडच्या डोंगरी वाड्यांवर गरोदर मातेची नोंद घेणारी, बाळाला लसीसाठी नेणारी आणि क्षयरोग्याला गोळी खाऊ घालणारी आशाताई ही जामखेडच्या सेविकेची धाकटी बहीणच आहे. २०२० सालापासून कोरोनाच्या साथीत घरोघरी फिरून सर्वेक्षण करण्याचा भारही याच स्त्रियांनी वाहिला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला.

तथापि एक प्रश्न अनुत्तरित आहे. जामखेडच्या सेविकेला नोकरदार मानले गेले नव्हते. ती गावाची राहावी, केंद्राची नोकर होऊ नये, असा त्यामागे विचार होता. परंतु त्याबरोबरच तिच्या उपजीविकेसाठी छोट्या उद्योगांना साहाय्य मिळत होते, प्रशिक्षण अखंड चालू होते आणि तिच्या मागे गाव उभे होते. शासकीय योजनेत स्वयंसेविका ही संज्ञा आली. कामाचा बोजा मात्र दरवर्षी वाढत गेला आणि मोबदला बराचसा कामागणिक मिळणाऱ्या रकमेवर अवलंबून राहिला. महाराष्ट्रातील आशांना २०२१ साली आणि पुन्हा २०२३-२४ मध्ये संपावर जावे लागले, ते याच कारणास्तव. सेवावृत्तीचे कौतुक करून श्रमाचे मोल टाळण्याचा मोह शासनाला होतो, तसा तो धर्मसंस्थांनाही होऊ शकतो.

याविषयी ख्रिस्तसभेची शिकवण सुस्पष्ट आहे. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रातून न्याय्य वेतनाचा आग्रह धरला. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ सालच्या 'लाबोरेम एक्झरचेन्स' या परिपत्रात भांडवलापेक्षा श्रमाला अग्रस्थान दिले आणि समाजव्यवस्था न्याय्य आहे की नाही याची कसोटी कामगाराला मिळणाऱ्या वेतनात पाहिली. आपले दवाखाने, शाळा व सेवाकेंद्रे येथे काम करणाऱ्या परिचारिका, आया, सफाई कामगार आणि कार्यकर्ते यांच्याकडे आपण या दृष्टीने पाहतो काय, हा आत्मपरीक्षणाचा विषय आहे.

आपल्यासाठी बोध

आरोळे दांपत्य कॅथोलिक नव्हते. परंतु त्यांचे कार्य प्रभू येशूच्या शुभवर्तमानावरील श्रद्धेतून उगवले होते आणि त्यात सर्व धर्मांचे, सर्व जातींचे लोक सहभागी झाले. पवित्र शास्त्रातील निर्गम ग्रंथाच्या प्रारंभी शिप्रा व पुवा या दोन सुइणींचा उल्लेख येतो. बलाढ्य फारो राजाचे नाव तेथे दिलेले नाही. बालकांचे प्राण वाचविणाऱ्या या दोन सामान्य स्त्रियांची नावे मात्र आवर्जून नोंदविली आहेत. प्रभू येशूनेही आपल्या कार्यासाठी कोळी व जकातदार निवडले, त्यांना आपल्यासोबत ठेवून घडविले आणि मगच जोडीजोडीने गावोगावी पाठविले. निवड, सहवास, शिक्षण आणि विश्वासाने पाठवणी हा क्रम जामखेडच्या केंद्रातही दिसून येतो.

आज धर्मग्रामांत आरोग्य समित्या आहेत, रुग्णभेटीचे गट आहेत, धर्मभगिनींचे दवाखाने आहेत. नवी खाट वा नवे यंत्र घेताना आपण जेवढी चौकशी करतो, तेवढीच आस्था आपल्या गावातील एखाद्या दुर्लक्षित भगिनीला शिकवून उभे करण्यात दाखविली, तर डॉ. मेबल आरोळे यांचे स्मरण सार्थ होईल. दर वर्षी ११ फेब्रुवारीस लुर्द मातेच्या सणादिवशी आपण जागतिक रुग्णदिन पाळतो. त्या दिवशी रुग्णांसाठी प्रार्थना करताना आपल्या गल्लीतील आशाताईंनाही वेदीजवळ बोलावून त्यांचे आभार मानावेत, त्यांचे नाव सर्वांसमोर घ्यावे आणि त्यांच्या न्याय्य मागण्यांत आपण त्यांच्यासोबत आहोत, असे सांगावे.